हृदयशस्त्रक्रियेचा खर्च : व्यापारी कुटुंबाने आधी काय ठरवून ठेवावे?

व्यापारी घराण्यात प्रत्येक खर्चाला खाते असते. हमाली, दलाली, वटाव, दिवाबत्ती, धर्मादाय. कीर्द-खतावणीत प्रत्येकाची जागा ठरलेली. मुलीच्या लग्नाची तरतूद ती शाळेत असल्यापासून सुरू होते, गोदामाच्या पत्र्यांची पावसाळ्याआधी. परंतु घरातील कर्त्या माणसाच्या छातीत एखाद्या पहाटे कळ आली, तर येणारे पाच-सात लाखांचे बिल कोणत्या खात्यातून द्यायचे, हे मी पाहिलेल्या बहुतेक पेढ्यांत ठरलेले नसे. मग ते दुकानाच्या खात्यातून जाई. बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षे काढल्यामुळे त्यानंतर काय घडते, हे मला काउंटरच्या आतल्या बाजूने पाहता आले. रुग्ण बरा होऊन घरी येतो. पण दुकान पुढचे दोन हंगाम सावरत नाही.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, कोणती करावी, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. त्यात मी शिरणार नाही. माझा विषय केवळ पैशाचा आहे.

बायपास शस्त्रक्रिया तशी फार जुनी नाही. पायातील शीर काढून ती हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडण्याची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रूढ केली. आपल्या देशात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात ती प्रथम केली. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला हा खर्चच नव्हता, कारण उपायच नव्हता. आज जिल्ह्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया होते. जिल्ह्याच्या ठिकाणी साधारण अडीच-तीन लाखांपासून, पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत चार ते सात लाखांपर्यंत आणि गुंतागुंत झाल्यास त्याच्याही पुढे हा आकडा जातो. एकाच शस्त्रक्रियेच्या किमतीत एवढे अंतर का, हे समजले की अर्धे नियोजन झाले असे मी मानतो.

रुग्णालय जो ‘पॅकेज’चा आकडा सांगते, तो ठरावीक दिवसांचा असतो. साधारण दोन-तीन दिवस आयसीयू आणि चार-पाच दिवस खोली. मधुमेह असेल, जखम भरण्यास वेळ लागला, मूत्रपिंडाने त्रास दिला, तर पुढचा प्रत्येक दिवस पॅकेजबाहेर मोजला जातो. शस्त्रक्रियेपूर्वीची अँजिओग्राफी, इतर तज्ज्ञांच्या भेटी, रक्ताची व्यवस्था, विशेष औषधे हे पॅकेजमध्ये आहे की नाही, ते प्रत्येक रुग्णालयात वेगळे असते. म्हणून आकडा विचारताना त्यात काय नाही, हे लेखी मागावे. व्यापारी माणूस शंभर पोती साखर घेताना वाहतूक व हमाली कोणाकडे, हे विचारल्याशिवाय सौदा करीत नाही. रुग्णालयात मात्र तो संकोचतो. हा संकोच अनाठायी आहे. बिलिंग विभागाला असे प्रश्न रोज विचारले जातात. रुग्णालयांनी आपले दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे महाराष्ट्रात २०२१ पासून नियमातच आहे.

जे अँजिओप्लास्टीवर भागते, त्यातील स्टेंटच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच लाख-सव्वा लाखाला लावला जात असे. पुढे घाऊक किंमत निर्देशांकानुसार ही मर्यादा वाढत गेली, तरी ती आजही चाळीस हजारांच्या आत आहे. बिलात स्टेंटची संख्या आणि प्रत्येकाची किंमत स्वतंत्र दाखवलेली असावी, हे पाहावे.

खोलीचा दर्जा

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त कुटुंबे फसतात तिच्याकडे वळतो. ती म्हणजे खोली.

आपल्याकडील बहुतेक खासगी रुग्णालयांत शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार, डॉक्टरांच्या भेटी हे सारे रुग्णाने कोणत्या दर्जाची खोली घेतली, त्यावर ठरते. शस्त्रक्रिया तीच, हात तेच, यंत्र तेच. पण एकट्याची वातानुकूलित खोली घेतली की प्रत्येक ओळीचा दर चढतो. त्यात जुन्या विमा पॉलिसीत बहुधा अशी अट असते की, खोलीचे भाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मिळेल. पाच लाखांच्या पॉलिसीत ही मर्यादा दिवसाला पाच हजार होते. लोकांची समजूत अशी की, दहा हजारांची खोली घेतली तर वरचे पाच हजार आपण भरू. प्रत्यक्षात खोलीशी निगडित सर्व खर्च त्याच प्रमाणात कापले जातात.

समजा, एकूण बिल ६,२०,००० रुपये झाले. त्यात औषधे, तपासण्या, साहित्य मिळून १,८०,०००. दहा हजारांची खोली पाच दिवस, म्हणजे ५०,०००. आयसीयू तीन दिवसांचे ३०,०००. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचर्या यांचे ३,२०,०००. आणि हातमोजे, फाइल, नोंदणी यांसारख्या विम्यात न बसणाऱ्या बाबींचे ४०,०००. विमा कंपनी औषधे, तपासण्या व साहित्याचे १,८०,००० आणि आयसीयूचे ३०,००० मान्य करील, कारण नियामकाच्या नियमानुसार प्रमाणशीर कपात या बाबींना लागत नाही. खोलीचे निम्मे म्हणजे २५,००० मिळतील. आणि ३,२०,००० च्या जागी केवळ १,६०,०००. एकूण हाती येतात ३,९५,०००. उरलेले २,२५,००० रुपये कुटुंबाने भरायचे. आणि गंमत अशी की पाच लाखांची पॉलिसी अजून संपलेलीही नाही! खोलीच्या भाड्यातील फरक केवळ पंचवीस हजारांचा होता, त्याने एक लाख साठ हजार आणखी ओढून नेले.

आपल्या समाजात रुग्णाला भेटायला येणाऱ्यांचा राबता मोठा. पाहुण्यांना बसायला जागा हवी, डबा घेऊन येणाऱ्या वहिनी-काकूंची सोय हवी, म्हणून मोठी खोली घेतली जाते. पहिले तीन दिवस रुग्ण आयसीयूत असतो आणि त्या खोलीत नातेवाईकच बसलेले असतात, हे मी इथे नमूद करतो आणि पुढे जातो.

पॉलिसीबाबत आणखी काही. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली तीन लाखांची पॉलिसी नित्यनेमाने नूतनीकृत करणारी कुटुंबे मी अनेक पाहतो. तिचा हप्ता वेळेवर जातो याचे समाधान असते, पण तीन लाखांत आता काय भागते हे कोणी पाहत नाही. ती बंद करू नये. तिच्यावर सुपर टॉप-अप चढवावा. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि पाच लाखांपुढील वीस लाखांचा सुपर टॉप-अप, हा पंचवीस लाखांच्या एकाच पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. येथे ‘सुपर’ हा शब्द महत्त्वाचा. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या बिलाला पाच लाखांची पायरी स्वतंत्रपणे लावतो, सुपर टॉप-अप वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज धरतो. हृदयरुग्ण एका वर्षात दोनदा दाखल होणे मुळीच दुर्मीळ नाही.

मधुमेह व रक्तदाब प्रस्तावपत्रात लपवू नयेत. एजंट स्वतः फॉर्म भरतो आणि ‘काही नाही’ असे लिहितो. सही मात्र आपली असते. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावता येते. पूर्वी ही मर्यादा चार वर्षे होती, ती २०२४ मध्ये कमी झाली. पाच वर्षे पॉलिसी अखंड चालली की त्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. हा अवधीही पूर्वी आठ वर्षांचा होता. पासष्टीनंतर नवा विमा मिळतच नाही, ही समजूतही आता चुकीची आहे. नियामकाने ती वयोमर्यादा काढून टाकली. मात्र ज्येष्ठांच्या पॉलिसीत वीस टक्क्यांपर्यंत हिस्सा स्वतः भरण्याची अट असू शकते, ती वाचावी. वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. ‘हप्ता परवडत नाही’ म्हणून वाढीव विमा पुढे ढकलणाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा करावा.

गंभीर आजारांची म्हणून एक वेगळी पॉलिसी मिळते. ती बिल देत नाही. ठरलेला आजार झाला, की ठरलेली रक्कम एकरकमी देते. पगारदार माणसापेक्षा गादीवर बसणाऱ्याला ती अधिक उपयोगी आहे, कारण दुकानाचे दोन-तीन महिन्यांचे नुकसान भरून काढणारी ती एकमेव पॉलिसी होय. पण तिच्या प्रमाणित व्याख्येत बायपास येते, अँजिओप्लास्टी येत नाही. हे घेतानाच माहीत असावे.

सही कोणाची?

माझ्या मते व्यापारी कुटुंबाची खरी अडचण पैसे नसणे ही नाही. असलेले पैसे काढता न येणे ही आहे.

तालुक्याच्या एका बाजारपेठेतील शाखेत मी असताना एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा सकाळी शाखा उघडताच आला. वडिलांना रात्री पुण्याला हलवले होते. सकाळी अकरापर्यंत तीन लाख भरायचे होते. चालू खात्यात नऊ लाखांवर शिल्लक होती. चेकबुक मुलाच्या हातात होते, आणि त्यावर सही करणारा एकच माणूस दीडशे किलोमीटरवर, नळ्या लावलेल्या अवस्थेत. पेढी एकट्याच्या मालकीची. मुलगा बारा वर्षे दुकानात बसत होता, शाखेतले सगळे त्याला नावाने ओळखत होतो. तरीही त्या खात्यातून एक रुपया काढून देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. “साहेब, वारस म्हणून माझेच नाव आहे ना?” असे तो पुनःपुन्हा विचारत होता. त्याला उत्तर देताना मला जे शब्द शोधावे लागले, ते आजही आठवतात. वारस म्हणून केलेली नोंद खातेदाराच्या मृत्यूनंतरच कामास येते. जिवंत माणसाच्या पैशावर तिचा काडीचाही अधिकार नसतो. अखेर त्याच्या मामांनी आपल्या खात्यातून पैसे वळते केले. ते मामा नसते तर?

एकल मालकीच्या पेढीचे खाते संयुक्त करता येत नाही. मुलाला किंवा पत्नीला खाते चालवण्याचा अधिकार देणारे पत्र बँकेत आगाऊ देता येते. मुखत्यारपत्रही करता येते. पण त्यातही एक मेख आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मानसिक भान गेले की दिलेला अधिकार संपतो. ज्या दिवशी सर्वाधिक गरज, त्याच दिवशी हे पत्र लंगडे पडू शकते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात कर्त्याची सही, आणि भागीदारीत ‘सर्वांनी मिळून’ अशी सूचना दिलेली असेल, तर तीच अडचण.

यावर माझा उपाय साधा आहे. दुकानाशी संबंध नसलेले पती-पत्नीचे, किंवा वडील-मुलाचे, संयुक्त बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या पद्धतीने उघडावे आणि त्यात निदान लाखभर रुपये कायम असावेत. उरलेली रक्कम त्याच नावांनी मुदत ठेवीत. तीन लाखांची एक ठेव करण्यापेक्षा एकेक लाखाच्या तीन कराव्यात, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येते. येथे बहुतेकांना माहीत नसलेली एक बाब सांगतो. अशा संयुक्त ठेवीची रक्कम मुदत संपल्यावर दोघांपैकी एकाच्या सहीने मिळते. पण मुदतीपूर्वी मोडायची किंवा तिच्यावर कर्ज घ्यायचे, तर बँक दोघांच्याही सह्या मागते. मुदतीपूर्वीही एकाच्या सहीने पैसे द्यावेत, अशी संयुक्त सूचना ठेव ठेवतानाच लिहून देता येते. एका कागदाचे काम आहे. उद्याच शाखेत जाऊन जुन्या ठेवींवर ती सूचना आहे का, हे विचारावे.

एवढे करूनही वेळ आलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आजारी खातेदारासाठी सोय आहे. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, तोही शक्य नसेल तर नुसती खूण, दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या समक्ष घेता येते. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे अधिकारी रुग्णालयात येऊ शकतो. शाखाधिकाऱ्याला हे नम्रपणे, पण ठामपणे विचारावे.

आणि मोबाइल. नेट बँकिंगचा ओटीपी, जीएसटीचा ओटीपी, पुरवठादारांचे निरोप, सारे एकाच फोनवर येतात, आणि तो फोन उघडण्याचा आकडा आयसीयूतल्या माणसाच्या डोक्यात असतो. महिन्याच्या ११ तारखेचे आणि २० तारखेचे जीएसटी विवरणपत्र कोणाच्या आजारासाठी थांबत नाही. जीएसटी नोंदणीत आणखी एक अधिकृत स्वाक्षरीकर्ता जोडता येतो. तो जोडून ठेवावा.

दुकानाचा पैसा दुकानाला

‘कॅश क्रेडिट आहे की, त्यातून काढू.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. दहा-साडेदहा टक्के व्याज, त्यात तारण वेगळे नको, पैसा तासाभरात. वरवर पाहता याहून स्वस्त व सोपे काही नाही. सहा लाखांवर वर्षाचे व्याज साठ-बासष्ट हजार. हे नुकसान लहान आहे.

मोठे नुकसान असे होते. समजा, लिमिट चाळीस लाखांचे आहे आणि हंगामाच्या तोंडावर ते जवळजवळ पूर्ण वापरलेले आहे. उरलेले सहा लाख रुग्णालयाला गेले. आता विकल्या गेलेल्या मालाच्या जागी नवा माल भरायला पैसा नाही. गोदाम सहा लाखांनी उतरते. मालावर पंचवीस टक्के मार्जिन धरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते, म्हणून पुढच्या स्टॉक स्टेटमेंटला ती साडेचार लाखांनी उतरते. पुरवठादाराचा चेक परत जातो. बाजारात बातमी पसरायला एक चेक पुरतो. पुढचा माल उधारीवर मिळत नाही, रोखीने घ्यावा लागतो, आणि तो रोख तर रुग्णालयाला गेलेला. खाते ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग नव्वद दिवस राहिले की ते थकीत वर्गात जाते. मालक तेव्हा कुठे घरातल्या घरात चालू लागलेला असतो. शिवाय व्यवसायासाठी दिलेले लिमिट घरखर्चाकडे वळवणे कर्जाच्या अटीतही बसत नाही, हे वेगळेच.

म्हणून पैसा उभा करण्याचा क्रम माझ्या हिशेबाने असा असावा : आधी विमा, मग स्वतंत्र ठेव, मग ठेवीवरील किंवा आयुर्विम्याच्या पॉलिसीवरील कर्ज, मग सोन्यावरील कर्ज. घरातील स्त्रीधन तारण ठेवताना जी कळ लागते ती मी जाणतो. पण सोनेतारण कर्ज सोडवता येते, बाजारातली पत सोडवून आणता येत नाही. पीपीएफ खाते पाच वर्षे जुने असेल, तर खातेदार, जोडीदार, अवलंबित मुले किंवा आई-वडील यांच्या गंभीर आजारासाठी ते मुदतीपूर्वी बंद करता येते. व्याज एक टक्क्याने कमी मिळते. कॅश क्रेडिट सर्वांत शेवटी. आणि महिना दोन टक्क्यांचे व्याजी पैसे या यादीत नाहीतच.

रोखीबद्दल दोन शब्द. गल्ल्यातील नोटा पिशवीत घालून रुग्णालयात जाण्याची आपली सवय आता चालत नाही. आयकर कायद्यानुसार एका प्रसंगासंबंधी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम कोणालाही स्वीकारता येत नाही, म्हणून रुग्णालय ती घेत नाही. चार दिवसांत विभागून भरली तरी प्रसंग एकच राहतो. त्याचप्रमाणे मेहुण्याकडून वा मित्राकडून वीस हजार किंवा त्याहून अधिक उसने घ्यायचे, तर ते चेकने किंवा बँकेतूनच घ्यावेत. रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. संकटात मदत करणाऱ्याचे उपकार बँकेच्या नोंदीत असणे दोघांच्याही हिताचे.

ज्या दारात आपण जात नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गरिबांची आहे, असे आपल्या घरांतून सर्रास समजले जाते. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती महाराष्ट्रातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत नेण्यात आली आहे, पांढऱ्या शिधापत्रिकेसह. आणि कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आहे. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तीत आहेत. रुग्णालय योजनेत असावे लागते आणि तेथे आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल होतानाच त्याला भेटावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. खासगी विमा असलेल्यांनाही ते घेता येते. आजी-आजोबांचे हे कार्ड काढायला आधार कार्ड पुरते. घरातील कॉलेजात जाणाऱ्या नातवंडावर हे काम सोपवावे.

सार्वजनिक न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. आपल्या दुकानातील मुनीम, हमाल, गाडीवान यांच्या घरी असा प्रसंग आला तर मालकाने ही माहिती त्यांना द्यावी आणि अर्ज भरायला सोबत जावे.

राहिला प्रश्न समाजाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचा. ज्याचे नाव कधीकाळी देणगीदारांच्या फलकावर लागले, तो मनुष्य धंदा बसल्यावर त्याच न्यासाकडे अर्ज करायला धजत नाही. घर गहाण पडते, पण अर्ज होत नाही. विश्वस्तांनी अशा घराचा अंदाज घेऊन एकट्याने, गाजावाजा न करता त्याच्याकडे जावे. आणि मदत रुग्णालयाच्या नावे थेट चेकने द्यावी, म्हणजे त्या माणसाच्या हातात पाकीट ठेवण्याचा प्रसंग येत नाही. काही ठिकाणी असे होतेही.

झडपेचा प्रश्न

सर्वच हृदयशस्त्रक्रिया बायपासच्या नसतात. काहींची झडप बदलावी लागते. येथे आपल्या घरांपुढे एक निराळा प्रश्न येतो, आणि तो आदल्या रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या असतात. यांत्रिक झडप मुख्यतः विशिष्ट प्रकारच्या कार्बनची व धातूची; ती बहुधा आयुष्यभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. दुसरी जैविक झडप. ती गायीगुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेली असते. तिला ती गोळी बहुधा जन्मभर लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांत ती झिजू शकते आणि तेव्हा पुन्हा शस्त्रक्रियेचा खर्च उभा राहतो. कोणती योग्य, हे वय व प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतील. पण आपला आग्रह काय आहे, तो त्यांना पहिल्याच भेटीत सांगावा, आणि प्राण वाचवण्यासाठी डॉक्टरांनी दुसरे काही सुचवले तर घरातील कोणी निर्णय घ्यायचा, हेही ठरवून ठेवावे. यांत्रिक झडपांमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली, १९९० मध्ये प्रथम बसवली गेलेली भारतीय झडप आयात झडपांपेक्षा बरीच स्वस्त आहे. तिची चौकशी अवश्य करावी.

अँजिओग्राफी झाल्यावर विचारायचा सर्वांत किमती प्रश्न एकच : “डॉक्टर, आमच्या हातात किती दिवस आहेत?” काही रुग्णांना त्याच दिवशी नेणे भाग असते, तेथे पैशाची चर्चा मध्ये आणू नये. पण अनेकांना डॉक्टर स्वतःच आठ-पंधरा दिवसांचा अवधी देतात. तेवढ्यात दुसरे मत घेता येते, दोन रुग्णालयांचे लेखी अंदाज मिळतात, विमा कंपनीची पूर्वमंजुरी येते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. तो डेस्कवरील माणसाला सांगता यावा, एवढ्यासाठीच येथे लिहिला.

घरी आल्यावरही खर्च थांबत नाही. छातीचे हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर जड वस्तू उचलायची नसते. कापडाचे थान, तेलाचा डबा, धान्याची गोणी. गादीवर बसलेला माणूस बोलता बोलता हात घालतोच, म्हणून सुरुवातीचे दिवस त्याला दुकानात नेऊच नये. या काळात औषधे, तपासण्या, फिजिओथेरपी यांचा खर्च महिन्याला काही हजारांत जातो. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीच्या तीस ते साठ आणि घरी आल्यानंतरच्या साठ ते नव्वद दिवसांचा असा खर्च मिळतो. मोठे बिल मंजूर झाले की लोक फाइल कपाटात ठेवून देतात आणि हे वीस-तीस हजार मागायचेच राहून जातात. प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी मूळ प्रतीत लागते, रुग्णाचे नाव पॉलिसीत आहे तसेच असावे लागते, आणि पॉलिसीतील मुदतीच्या आत सर्व एकत्र पाठवावे लागते. घरातील एका व्यक्तीने, शक्यतो सुनेने किंवा मुलीने, एक वही त्यासाठी स्वतंत्र घालावी, अँजिओग्राफीच्या दिवसापासून.